पाळीआधीचं पुरळ आणि माझ्या दोन चिठ्ठ्या

कातडीच्या डॉक्टरला बाकीचे डॉक्टर जरा हसतात. "तुझं बरं आहे बाई, तुझा पेशंट मरतही नाही आणि बराही होत नाही," असं माझा एक सर्जन मित्र गेली तीस वर्षं न कंटाळता म्हणतो. मीही न कंटाळता ऐकून घेते, कारण त्याच्या घोट्यावरचा इसब माझ्याच मलमावर आहे आणि तो अजून बरा झालेला नाही.

मी मूळची कल्याणची, लग्नानंतर ठाण्याची आणि कामाने भिवंडीची. आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. पूर्वी रोज जायचे आणि कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या मागे बसून निम्मं आयुष्य काढलं. लोक विचारायचे, ठाण्यात एवढे चकचकीत दवाखाने असताना भिवंडीला कशाला जाता? खरं उत्तर असं की ठाण्यात लोक चेहरा उजळवायला येतात आणि भिवंडीत खाज घेऊन येतात. मला खाज आवडते. तिच्यामागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधून काढायला मिळतं.

आमच्या धंद्यात यंत्रं फारशी लागत नाहीत. एक भिंग, चांगला उजेड आणि प्रश्न, एवढ्यावर दवाखाना चालतो. पुरळ दिसतं सगळ्यांना, पण ते कशाने आलं हे विचारल्याशिवाय कळत नाही. एक बाई कपाळावर पांढरा डाग घेऊन आली होती. जावेने करणी केली अशी तिची पक्की खात्री. डाग झाकायला ती टिकली मोठी लावत गेली, आणि टिकली मोठी होत गेली तसा डागही मोठा होत गेला. दोष टिकलीच्या गोंदाचा होता. मी तिला साधं कुंकू लावायला सांगितलं. डाग वाढायचा थांबला, हळूहळू रंगही भरला, पण जावेशी तिने बोलणं सुरू केलं नाही. म्हणाली, "गोंद तिनंच आनून दिला असंल."

दुसरा एक होता सायझिंगमधला कामगार. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. याचे हात कोपरापर्यंत चिरलेले. चार डॉक्टर झाले होते. मी विचारलं, "गाँव जाते हो तब कैसा रहता है?" तो चमकून म्हणाला, "मॅडम, गाँव में तो एकदम मक्खन!" महिनाभर गावी गेला की हात साफ, परत येऊन खळीत हात घातला की आठवड्यात पुन्हा तेच. मालकाला सांगून मी त्याला पॅकिंगला बसवलं. पुढे ईदला तो डबा घेऊन आला तेव्हा शिरखुर्म्याआधी त्याने मला हात दाखवले.

तेव्हापासून मी एक नियमच करून टाकला. हाताला पुरळ असलेला कोणीही आला की विचारायचं, सुट्टीत बरं वाटतं का? हो म्हणाला की कारण कामात आहे. शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बसायचे त्यांनाही मी हा नियम ऐटीत शिकवायचे. तो चुकीचा नाही, पुस्तकातही आहे. पण आपला एखादा नियम फार वेळा बरोबर आला की आपण पुढचे प्रश्न विचारायचं सोडून देतो, आणि माझं नेमकं तेच झालं.

दर्शना माझ्याकडे आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. नाव बदललं आहे, पण हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं आहे. ती भिवंडीजवळच्या वळ गावची. गावाभोवतीची भातशेती गेली आणि गोदामं उभी राहिली, त्यातल्याच एका गोदामात ती पॅकिंगला होती. ऑनलाइन मागवलेलं सामान खोक्यात भरायचं, टेप मारायची, लेबल लावायचं, खोकं पुढे ढकलायचं. नऊ तासांची ड्युटी. कामगार ठेकेदाराचे, पण वर्षभर नीट काम केलेल्या मुलींना कंपनी आपल्या पगारावर कायम करणार होती, आणि दर्शनाला दहा महिने झाले होते. हे तिने मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. तिच्या घरात कोणालाच कधी कायमची नोकरी लागली नव्हती. वडील टेम्पो चालवायचे, धाकटा भाऊ मिळेल त्या गाडीवर जायचा.

दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत आणि थोडं मानेवर लाल पुरळ होतं. बारीक, उठलेलं आणि खाजवून सोललेलं.

"कधीपासून?"

"पाच-सहा महिने झाले मॅडम. येतं, जातं."

"सुट्टीत बरं वाटतं का?"

"रविवारी न्हाय वाटत. पन महिन्यातून तीन-चार दिवस मी घरी असते ना, तवा एकदम उतरतं."

ती कसले तीन-चार दिवस म्हणते ते मला कळलं होतं, मी काही परदेशातून आले नव्हते. तिच्या घरी देवीचं ठाणं. पाळी आली की बाईने बाजूला बसायचं, चुलीला, भांड्यांना, साबणाच्या बादलीला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्यात गोदामात बायकांची धड सोय नसल्यामुळे त्या दिवसांत बऱ्याच मुली सुट्टीच घ्यायच्या. म्हणजे त्या चार दिवसांत दर्शनाचा हात ना खोक्याला लागायचा ना टेपला, आणि पुरळ उतरायचं. मला सायझिंगवाला आठवला. मनात म्हटलं, सापडलं!

एका रविवारच्या सुट्टीने उतरत नाही, पण तीन-चार दिवसांच्या सुट्टीने उतरतं, हेही माझ्या नियमात चपखल बसलं. ते दिवस कामापासून लांब असण्याचे आहेत, एवढंच मी पाहिलं. ते दिवस पाळीचे आहेत, ही गोष्ट माझ्या समोर असून मी तिच्याकडे कारण म्हणून पाहिलंच नाही.

खरं तर पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची एक चाचणी असते. त्यात दोन दिवस पाठ भिजवता येत नाही. मे महिन्यात, पत्र्याच्या गोदामात घामाने निथळत उभ्या असलेल्या मुलीला हे कसं सांगायचं, असं म्हणून मी ती टाळली. निदानाची मला खात्रीही होती. मी मलम दिलं आणि कंपनीच्या नावाने इंग्रजीत एक छान चिठ्ठी लिहिली: हिला पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांची ॲलर्जी दिसते, तरी हिला दुसरं काम द्यावं. मला वाटलं, खोक्यांवरची लेबलं स्कॅन करायला बसवतील. सायझिंगवाल्याचा मालक मला ओळखत होता आणि हे गोदाम मला ओळखत नाही, हा फरक माझ्या डोक्यातच आला नाही.

महिन्याने दर्शना परत आली. पुरळ तसंच.

"दुसरं काम दिलं का?"

"काढलं मॅडम. दुसऱ्याच दिवशी. बोल्ले, मेडिकल अनफिट."

मला वाईट वाटलं, पण त्या दिवशी मी कंपनीवरच चिडले. तिला म्हटलं, ॲलर्जी अंगातून उतरायला वेळ लागतो, अजून महिना जाऊ दे. पुढच्या वेळी पुन्हा तेच दिसलं तेव्हा मी भांड्यांच्या साबणाला दोष दिला आणि हातमोजे घालायला सांगितले. रोगी बरा झाला नाही की आम्ही आधी त्याच्या घरात चूक शोधतो. तिने हातमोजे घातले. मग ती यायचीच बंद झाली, आणि खरं सांगायचं तर मी तिला विसरले.

चार-पाच महिन्यांनी तिची आई, हिराबाई, तिला हाताला धरून घेऊन आली. दर्शनाचे ओठ सुजलेले, डोळे सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या. आदल्या दिवशी तिच्या धाकट्या भावाची हळद होती. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, अख्खा गाव मांडवात.

"हलद बाधली हिला, बाई," हिराबाई म्हणाल्या.

मी आधी इंजेक्शन दिलं आणि श्वास नीट चालू आहे ना ते पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाने सूज जराशी ओसरली. हळदीने असं होऊ शकतं, क्वचित. मी लिहायलाही घेतलं होतं. तेवढ्यात दर्शना सुजल्या ओठांनी म्हणाली, "मी हलद लावलीच न्हाय. अंग चार दिवस आधीपासूनच उठलेलं. मी मागं खुर्चीवर बसून होते."

मी पेन खाली ठेवलं. ही मुलगी गेले सहा-सात महिने खोक्याला हात लावत नव्हती. साबणाला हातमोज्यातून लावत होती. हळदीला तर लावलाच नव्हता. मग आता मी कोणाला धरणार?

"काही औषध घेतलंस का? कसलीही गोळी?"

ती आईकडे बघायला लागली. आमच्या दवाखान्यात तपासायची खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये छातीएवढ्या उंचीचं प्लायवुड होतं. बाहेर पाच-सहा पुरुष बसलेले. हिराबाईंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "पाली पुढं ढकलायची गोली घेतलीन. करवली ना ती. तारीख हलदीलाच येत व्हती."

या गोळ्या आपल्याकडे सणासुदीला चण्याफुटाण्यासारख्या खपतात. गौरी आल्या, सत्यनारायण आला, हळद आली की मेडिकलवाल्याकडे जायचं, तो काही विचारत नाही आणि घेणारी काही सांगत नाही. त्या गोळ्यांत काय असतं ते इथे सांगायला हवं. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बाईच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं एक संप्रेरक वाढतं. ते उतरलं की पाळी येते. गोळ्यांमध्ये तसंच काम करणारं औषध असतं, त्यामुळे शरीराला वाटतं की अजून वेळ आहे, आणि पाळी थांबते. पाळीआधी मुरमं वाढणं, खाज वाढणं हे पुष्कळ जणींना होतं. पण फार थोड्या बायका अशा असतात की त्यांच्या शरीराला स्वतःच्याच या संप्रेरकाचं वावडं असतं. दर महिन्याला ते वाढलं की पुरळ उठतं, पाळी आली की एक-दोन दिवसांत उतरतं. अशा बाईने वरून गोळ्या घेतल्या तर काय होईल, ते माझ्यासमोर सुजलेल्या ओठांनी बसलं होतं.

मी विचारलं, "हिराबाई, हिच्या पाळीच्या मागच्या तारखा आठवतात?"

"आठवायला कशाला पायजे? लिवलेल्या हायत."

घरात देवीचं ठाणं, त्यामुळे कोण कधी बाजूला बसणार ते घरातल्या मोठ्या बाईला ठाऊक असावंच लागतं. हिराबाई कॅलेंडरवर लेकीच्या तारखेला पेन्सिलीने बारीक फुली मारायच्या. दुसऱ्या दिवशी त्या ते कॅलेंडर गुंडाळी करून काखेत घेऊन आल्या. मी दर्शनाचे जुने केसपेपर काढले. ती माझ्याकडे प्रत्येक वेळी फुलीच्या आधीच्या आठवड्यात आली होती, एकदाही चूक नाही. आणि पुरळ उतरायचं ते फुलीच्या दुसऱ्या दिवशी, मग ती घरी असो नाहीतर आणखी कुठे.

"मी हिला पयल्यापासून सांगतंय," हिराबाई म्हणाल्या, "ह्यो पालीचा दोष हाय, आदी येतो न् मंग जातो. ही बोल्ली, मॅडमनी खोक्याचा सांगितलाय, त्या शिकलेल्या हायत."

"मग तू मला का नाही बोललीस?" मी दर्शनाला विचारलं.

"तुमी इचारलं न्हाय," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगावं तसं.

मी विचारलं नव्हतं हे खरंच होतं. मी साबण विचारला, बांगड्या विचारल्या, मासे-सुकट विचारली, घरात कुत्रं आहे का तेही विचारलं. पाळी विचारली नाही. त्याचं कारण ते प्लायवुड. पलीकडे पुरुष बसलेले असताना कोणत्याही बाईला अवघडायला नको म्हणून मी हळूहळू तो प्रश्नच सोडून दिला होता. स्वतः बाई असून सोडला होता. इतकी वर्षं किती जणींच्या बाबतीत असं झालं असेल याचा मी हिशेब करत नाही, करवत नाही. त्या आठवड्यात मी सुताराला बोलावून ते प्लायवुड छतापर्यंत नेलं. पंख्याचा वारा आतल्या खोलीत लागेनासा झाला, पण तो प्रश्न परत आला.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवून मी तिची चाचणी करून घेतली आणि एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीशीही बोलले. निदान तेच निघालं. उपचार फार मोठा नव्हता. फुलीच्या आधी दहा दिवस खाजेची गोळी सुरू करायची, उठलंच तर मलम, आणि पाळी पुढे ढकलायची गोळी आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. याने भागलं नाही तर पुढचे उपाय होते, पण भागलं. दोन महिन्यांत तिचे हात बरेच स्वच्छ झाले.

हात सुधारले, पण नोकरी गेली होती, आणि ती माझ्या चिठ्ठीने गेली होती. मी दुसरी चिठ्ठी लिहिली: मी केलेलं आधीचं निदान चुकीचं होतं, हिचा आजार कामामुळे नाही, ही सगळं काम करू शकते. "मी केलेलं आधीचं निदान चुकीचं होतं" हे वाक्य सगळ्या डॉक्टरकीत मी पहिल्यांदाच कागदावर लिहीत होते. ते तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळा त्यात चूक कोणाची हे कळत नव्हतं.

दर्शना चिठ्ठी घेऊन गेली आणि हात हलवत परत आली. आठवड्याने पुन्हा गेली, साहेब नव्हते. तिसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर गेले.

मॅनेजर चाळिशीचा, सभ्य माणूस होता. खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाजूला सुपरवायझर आणि ठेकेदाराचा माणूस उभे. मॅनेजरने फाइल उघडली, माझ्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, "मॅडम, पहले आपने लिखा काम से है. अब लिखा काम से नहीं है. तो फिर किससे है? कुछ तो लिखना पडेगा."

मी म्हटलं, "अंदरूनी कारण है. संसर्गाचा आजार नाही, कोणाला लागणार नाही, एवढं तुम्हाला पुरे."

"अंदरूनी मतलब?"

ही तिची खासगी गोष्ट, तीन पुरुषांपुढे, कंपनीच्या फाइलमध्ये कायमची जाणार. नाही सांगितली तर नोकरी जाते. मी दर्शनाकडे पाहिलं. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती पुढे आली.

"सर, पीरियड के पहले होता है. काम से नहीं होता. लिखो."

ठेकेदाराचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. मॅनेजरने पेन उचललं, पण दर्शनाचं अजून संपलं नव्हतं.

"और वो तीन-चार दिन छुट्टी मैं इसके लिए नहीं लेती. लेडीज टॉयलेट में आप लोगने टेप के बॉक्स भरके रखे हैं, इसलिए लेती हूँ. सब लेती हैं. वो भी लिखो."

मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, "जगह कम पडती है सर." मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचबरोबर लाजही वाटली, कारण जे मी इतक्या महिन्यांत माझ्या दवाखान्यात विचारू शकले नव्हते ते तिने एका मिनिटात त्यांच्या ऑफिसात सांगून टाकलं होतं.

तिला कामावर घेतलं. संडासातली खोकीही त्याच आठवड्यात हलली, आतला दिवा लागला, कडी बसली. मुलींनी तिला चहा पाजला म्हणे. पण कायम करायची यादी मधल्या महिन्यांत होऊन गेली होती. तिच्याबरोबर लागलेल्या चौघी आज कंपनीच्या पगारावर आहेत. दर्शना ठेकेदाराकडे नव्याने लागली, त्यामुळे तिचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं गेलं, आणि ते भरेपर्यंत कंपनीने कायम करणंच थांबवलं. अजूनही थांबलेलंच आहे. मी दोनदा पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

ती दर तीन-चार महिन्यांनी औषधाला येते. याबद्दल तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मागच्या खेपेला माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "दर्शना, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. मला माफ कर."

ती जरा हसली. "तसं न्हाय मॅडम. पन एक गोष्ट मला लई दिवस सांगायची होती. तुमची पयली चिठ्ठी मी नेली, तवा कोनी एक सवाल केला न्हाय. दुसऱ्या दिवशी घरी. दुसरी चिठ्ठी खरी होती, तर तिला तीन आठवडे लागले, न् तुमाला सोता यावं लागलं."

मी तिची गोळ्यांची चिठ्ठी लिहून तिच्यापुढे सरकवली. बाकीचे पेशंट चिठ्ठी न बघता घडी करतात आणि खिशात टाकतात. तिने ती उभ्याउभ्या पहिल्या ओळीपासून वाचली, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय लिवलंय, मॅडम? आदी मला सांगा."